ऑनलाइन विक्रीसाठी शोधशब्दांची निवड : नाचणी व वरईच्या निमित्ताने

शेतकरी उत्पादक कंपन्या व बचत गट आता आपला माल ऑनलाइन दालनांतून परराज्यांतही विकू लागले आहेत. माल उत्तम, वेष्टन नीटनेटके, दरही वाजवी; तरीही मागणी येत नाही. अशा वेळी दर्जाइतकाच नावाचाही विचार करावा लागतो. ऑनलाइन दुकानातील ग्राहक बहुधा शोधचौकटीत एखादा शब्द टाइप करतो. तो शब्द आपल्या नोंदीत नसेल, तर माल असूनही त्याच्या दृष्टीस पडत नाही.

नाचणीचेच पाहा. नाशिककडे तिला नागली म्हणतात, गुजरातेत बावटो, कर्नाटक व आंध्र प्रदेशात रागी, तमिळनाडूत केळ्वरगु, बिहार-झारखंडात मडुआ, उत्तराखंडात मंडुवा. धान्य एकच. काही मोठ्या दालनांची यंत्रणा समानार्थी शब्द ओळखते; परंतु तिच्यावर विसंबून राहणे इष्ट नव्हे. ज्या प्रदेशात माल पोहोचवता येतो, तेथील नाव नोंदीत असलेच पाहिजे. शिवाय पुष्कळ ग्राहक रोमन लिपीत टाइप करतात. तेथे ‘ण’ आणि ‘न’ यांत भेद उरत नाही आणि ‘च’नंतरचा ‘ए’ कोणी घालतो, कोणी गाळतो. ही दोन्ही रूपे द्यावीत.

नावे सारखी वाटली म्हणून ती सरसकट भरणे मात्र घातक ठरते. गढवालात नाचणीला ‘कोदा’ म्हणतात. कोदो अथवा कोद्रा हे मात्र वेगळे तृणधान्य. वरईच्या बाबतीत गुंतागुंत अधिक आहे. हिंदीत ती ‘कुटकी’. पण कुटकी हे हिमालयातील एका कडू औषधी वनस्पतीचेही नाव आहे. सुटा शब्द दिल्यास औषधी मुळी शोधणारा ग्राहक येतो आणि निघून जातो. ‘कुटकी मिलेट’ असा जोडशब्द दिल्यास योग्य ग्राहक येतो. उपवासासाठी घेणारा भगर, मोरैयो, समा किंवा ‘व्रत के चावल’ असे काहीही टाइप करील. यांतील समा म्हणजे पुष्कळ ठिकाणी सावा, हे निराळे पीक. म्हणून पाकिटात नेमके कोणते धान्य आहे, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. चुकीच्या शब्दाने आलेला ग्राहक माल परत पाठवतो, आणि त्या परतीचा भुर्दंड बहुधा विक्रेत्यावरच पडतो.

शीर्षकात आधी रोजच्या बोलण्यातले नाव, मग रूप (पीठ, सत्त्व, अख्खे धान्य) आणि वजन यावे. ‘दापोली-१’ किंवा ‘फुले नाचणी’ ही वाणांची नावे आपल्याला अभिमानाची असली, तरी भाकरीसाठी पीठ घेणारा ती शोधत नाही. ‘पौष्टिक तृणधान्य’ व ‘श्री अन्न’ हे शब्दही वर्णनातच शोभतात.

उरलेली पर्यायी नावे विक्रेत्याला मिळणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्यात भरावीत. काही दालनांत या रकान्याची मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये मोजली जाते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण व प्रत्येक मात्रा सामान्यतः तीन बाइट घेते. ‘नाचणी’ला पंधरा बाइट लागतात, रोमन अक्षराला एकच. त्यामुळे शीर्षकात आलेला शब्द येथे पुन्हा लिहून जागा दवडू नये.

काही शब्द शोधले जातात म्हणून वापरता येत नाहीत. ‘सेंद्रिय’ लिहिण्यापूर्वी प्रमाणीकरणाचे नियम तपासावेत. भौगोलिक मानांकन मिळालेले नाव त्या क्षेत्राबाहेरील मालास लावणे बेकायदेशीर आहे. कर्नाटकातील आंब्याच्या नोंदीत ‘रत्नागिरी हापूस’ हा शोधशब्द टाकता येत नाही. ‘मधुमेह बरा करणारे’ हा दावा तर कोणत्याच अन्नपदार्थाबाबत करता येत नाही.

शब्द निवडताना गूगल ट्रेंड्सवर दोन नावांची राज्यनिहाय तुलना विनामूल्य पाहता येते. दालनाच्या शोधचौकटीत पहिली दोन-तीन अक्षरे टाइप केली की सुचवण्याही दिसतात. त्यानंतर महिन्यातून एकदा विक्रेत्याच्या अहवालाकडे पाहावे : ज्या शब्दावरून ग्राहक येतात पण खरेदी होत नाही, तो बदलावा.