'चेक' शब्दाची कुळकथा

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्यांत एका लहानशा शब्दाखालीं तांबडी रेघ हटकून आढळते. तो शब्द म्हणजे 'चेक'. ब्यांकेवर लिहिलेली पैशाची चिठ्ठी 'क्यू-यू-ई'नें संपते, आणि अडविणें किंवा ताडून पाहणें ह्या अर्थाचा शब्द 'सी-के'नें. उच्चार मात्र एकच! त्यांत अमेरिकेंत छापलेलें पुस्तक हातीं आलें, तर तेथें चिठ्ठीलाहि 'सी-के'च. मुलें ह्यास इंग्रजीची लहर म्हणतात. आम्हांस तें पुरतें मान्य नाहीं.

ह्या शब्दाचें मूळ फारशी 'शाह', म्हणजे राजा. आपला चतुरंगाचा खेळ इराणांत गेला, आणि तेथें राजावर हल्ला होतांच 'शाह!' असें म्हणून प्रतिपक्षास सावध करीत. अरबांच्या द्वारें हा उद्गार युरोपांत पोंचला व फ्रेंचमधून इंग्रजींत येऊन 'चेक' झाला. मराठींत आपण 'शह देणें' म्हणतों, तो शह हाच. 'मात करणें' ह्यांतील मातहि त्याच पटावरची. 'चेकमेट' ह्यांतील 'मेट' तिचाच सख्खा भाऊ. शह बसला कीं राजाची वाट अडते, म्हणून अडविणें हा अर्थ. अडविलेलें तपासतां येतें, म्हणून ताडून पाहणें. पटावरील घरांवरून चौकडीच्या कापडासहि 'चेक्स' म्हणूं लागले, हें शिंप्याकडे गेलेल्या कोणासहि ठाऊक आहे.

ह्या पटानेंच इंग्लंडच्या सरकारी तिजोरीस नांव दिलें. बाराव्या शतकांत राजाचा जमाखर्च एका मेजावर होत असे. रिचर्ड फिट्झनील ह्या तिजोरीच्या अधिकाऱ्यानें त्या काळींच लिहून ठेविलें आहे कीं, तें मेज सुमारें १० फूट लांब व ५ फूट रुंद असून त्यावर रेघांचें काळें कापड पसरीत. त्यावर सोंगट्या सरकवून हिशेब करीत. तें बुद्धिबळाच्या पटासारखें दिसे, म्हणून त्यास 'एक्स्चेकर' म्हणत.

पुढें अठराव्या शतकांत, ब्यांकेची चिठ्ठी खरी कीं खोटी हें जुळवून पाहण्यासाठीं राखलेल्या तुकड्यास 'चेक' म्हणूं लागले, व तेंच नांव चिठ्ठीवर गेलें. तेव्हां बहुतेक लेखक 'सी-के'च लिहीत. १८२८ सालीं जेम्स विल्यम गिल्बार्ट ह्या ब्यांकिंगवरील ग्रंथकारानें 'एक्स्चेकर'च्या धर्तीवरील 'क्यू-यू-ई' पसंत केलें. अर्थाचा घोंटाळा टळतो, हें त्याचें कारण. आम्हांस तें पटतें. अमेरिकेनें जुनेंच रूप राखिलें, तेव्हां त्यास अशुद्ध म्हणतां येणार नाहीं. आपल्या परीक्षेंत मात्र ब्यांकेची चिठ्ठी 'क्यू-यू-ई'नेंच लिहावी. वडिलांचें चेकबुक पाहिल्यास त्यावरहि तसेंच छापलेलें आढळेल.