पाणीपट्टीची पावती आणि घरातले प्रश्न



पाळी संपली की पावती घरात येते आणि चुलीपुढं पहिला प्रश्न निघतो, "एवढे पैसे कशाचे?" उसाला पाणी जास्त, म्हणून हा प्रश्न आपल्याच घरात अधिक. नेहमीच्या शंका आम्ही इथं एकत्र घेतल्या आहेत. उत्तरांसाठी लांब जायला नको, ओझरचंच उदाहरण समोर आहे.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, कोळवण नदीवर. ओझर पडलं कालव्याच्या शेवटाला. वर पाणी चाले, खाली चारी कोरडी. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं. 1990 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढं साऱ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या. शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळायचं, असा कायदाच राज्यात 2005 साली आला.

आकारणी कशावर? जुन्या रीतीत सात नंबरचा अर्ज भरायचा. पीक आणि क्षेत्र पाहून पट्टी बसे. पाणी किती आलं, याचा त्यात हिशेब नव्हता. संस्थेला मात्र पाणी घनमीटरवर मोजून मिळतं. संस्था ते सभासदांना तासावर किंवा क्षेत्रावर वाटते. पीक कोणतं घ्यायचं, ते आपण ठरवायचं.

घरी पडताळा कसा घ्यावा? एक क्युसेक प्रवाह तासभर चालला की सुमारे 102 घनमीटर, म्हणजे एक लाख दोन हजार लिटर पाणी होतं. तेवढ्यात एका एकरावर एक इंच पाणी उभं राहतं. तीन इंचाची पाळी म्हणजे एकरी तीन तास. प्रवाह अर्धा असेल तर सहा तास. चारीत मुरतं ते वेगळं. दार कधी उघडलं, कधी पडलं, हे वहीत लिहा. शाळेतलं पोरगंसुद्धा हा हिशेब करील.

पाणी कमी आलं, पट्टी पूर्ण कशी? पाळी चालू असतानाच संस्थेला लेखी कळवा. महिन्यानं सांगितलं तर मोजायला पाणीच उरत नाही.

एकानं थकवलं तर? शासनाच्या लेखी ग्राहक संस्था असते. एकाची बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसते, आणि पुढच्या पाळीच्या वेळी बोलणी शेवटाच्या माणसाला खावी लागतात.

नळाची पट्टी यातच का? नाही. घरच्या नळाची पट्टी गावची स्थानिक संस्था आकारते. दोन्ही पावत्या वेगळ्या जपा.

राहिला ऊस. क्षेत्रावर पट्टी होती तोवर रात्रभर पाणी सोडून झोपलं तरी पैसे तेवढेच. मोजून घेतलेलं पाणी बांधाबाहेर गेलं तर नुकसान आपलं, आणि खालच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो तो निराळाच. ठिबक करा, निदान सरी आखूड ठेवा.

पुढच्या पाळीला वही आणि घड्याळ घेऊनच चारीवर जा. पावतीत चूक वाटली तर वही घेऊन संस्थेत या. नुसत्या तक्रारीपेक्षा लिहिलेला तास लवकर ऐकला जातो.