थंडीतील वेश : शोभा आणि ऊब

मार्गशीर्ष लागला, की घरोघरच्या पेट्या उघडतात. डांबरगोळ्यांच्या वासाने भरलेल्या शाली, स्वेटर, कानटोप्या बाहेर येऊन उन्हात पडतात. आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही बाहेर येतो. वडील मंडळी म्हणतात, ‘अंगभर पांघरा म्हणजे झाले; थंडीत दिसण्याचा विचार कशाला?’ तरुण मंडळी म्हणतात, ‘एवढे सगळे अंगावर चढविले, की माणसाचे गाठोडे होते.’ एका पक्षास ऊब पाहिजे, दुसऱ्यास शोभा. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे आहेत. ऊब आणि शोभा यांचे वैर आहे, असे दोघांनीही गृहीत धरले आहे.

पूर्वीच्या रसिकांनी तसे मानले नव्हते. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहार’ काव्यातील हेमंतवर्णन पाहावे. तेथील स्त्रिया कंकणे व बाहुभूषणे उतरवून ठेवतात, नवे रेशीम आणि झिरझिरीत वस्त्र दूर सारतात. शिशिरात तर जाड वस्त्रे, मिटलेल्या खिडक्या, अग्नी आणि ऊन हीच प्रिय होतात. तरीही त्या स्त्रिया कवीस वसंतातल्याइतक्याच शोभिवंत वाटतात. ऋतू बदलला, त्याबरोबर वेश बदलला आणि त्या बदलालाच सौंदर्य मानले गेले.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. निफाडकडे पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरतो खरा. परंतु आपल्याकडील बहुतेक थंडी शालीने भागते. आता मात्र घराघरांतील मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी टोरोंटो, म्युनिक, शिकागो अशा ठिकाणी जातात. तेथे महिनोन्महिने बर्फ असते. निघण्यापूर्वी खरेदी होते ती चित्रांतील वेश पाहून. आणि ती चित्रे येतात पॅरिस-मिलानच्या मंचावरून. म्हणून तो मंच काय शिकवितो आणि काय शिकवीत नाही, हे गृहस्थाश्रमी वाचकांनी समजून घेणे बरे.

जिवंत स्त्रियांच्या अंगावर वस्त्रे घालून ती गिऱ्हाइकांस दाखविण्याची रीत चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याने रूढ केली. त्याने १८५८ मध्ये पॅरिस येथे आपली पेढी थाटली. आज न्यू यॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या चार नगरांत वर्षातून दोनदा मोठी प्रदर्शने होतात. पुढील हिवाळ्याची वस्त्रे फेब्रुवारी-मार्चमध्येच लांब, अरुंद रॅम्पवरून चालत जातात आणि उन्हाळा सरता सरता दुकानांत येतात. तेथील कपडे जसेच्या तसे नेसण्यासाठी नसतात. नाटकातील राजाचा मुकुट दुरून दिसावा म्हणून मोठा करितात. तो घालून कोणी मंडईत जात नाही. गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या आणि डोके बुडेल एवढी कॉलर यांचा अर्थ तेवढाच. मंचावरून रीत उचलावी. वस्तू दुकानातून, आणि तीही हवामान पाहून घ्यावी.

त्या मंचावर जे आले आणि टिकले, त्याचे मूळ शोधले, तर एक विलक्षण गोष्ट आढळते. थंडीचे जे वेश आज डौलदार म्हणून मिरवितात, ते बहुधा कोणाच्या तरी निकडीतून जन्मले आहेत. ट्रेंच कोट हेच नाव पाहा. ट्रेंच म्हणजे खंदक. टॉमस बर्बेरी याने १८७९ मध्ये गॅबर्डीन नावाचे घट्ट विणीचे, पाणी न धरणारे कापड सिद्ध केले. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) त्याचे कोट खंदकांतील अधिकाऱ्यांच्या अंगावर गेले. आज स्त्रिया ज्याचा पट्टा कमरेशी ऐटीत बांधतात, तो कोट मूळचा चिखलापावसातला. जाडजूड ट्वीड हे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील कापड, आणि जर्सी हे तर पुरुषांच्या आतल्या कपड्यांचे. कोको शानेल या बाईंनी ही दोन्ही कापडे स्त्रियांच्या उंची पोशाखात आणिली, कारण त्यांत हातपाय मोकळे राहतात.

तिसरे उदाहरण पिसांच्या फुगीर कोटाचे. सिॲटलचा एडी बावर हा गृहस्थ हिवाळ्यातील मासेमारीच्या एका सफरीत गारठून मरता मरता वाचला. त्यानंतर त्याने १९३६ मध्ये पिसे भरून टाचलेले जाकीट तयार केले आणि १९४० मध्ये त्याचा हक्क नोंदविला. १९७० नंतरच्या दशकात नॉर्मा कामाली यांनी झोपण्याच्या पिशवीसारखा कोट केला. १९९९ च्या हिवाळ्यासाठी मार्टिन मार्जिएला यांनी चक्क दुलईला बाह्या लावून ती मंचावर आणिली. पुढे २०१६ मध्ये बालेंसियागा या पेढीच्या मंचावर हाच कोट खांद्यांवरून मागे ओढलेला, गळा उघडा टाकलेला असा दिसला. बावरच्या जिवावर बेतले होते म्हणून जो कोट झाला, तो ऐंशी वर्षांत गळा उघडा टाकून घालण्याची वस्तू झाला! मंचावर दिवे तापलेले असतात. रस्त्यावर उणे दहा अंशांत ही नक्कल करणारी मुलगी केवळ आजारी पडेल. परंतु त्याच कोटाचा आखूड घाट, त्याची रुंद कॉलर, त्याचा एकरंगीपणा हे घेण्यासारखे आहे.

आता ऊब कशी येते ते पाहू. कापड स्वतः गरम नसते. धाग्यांत अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपल्या आजीबाईंनी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोरा घालून जी गोधडी शिवली, तिचे तत्त्व आणि पिसांच्या टाचलेल्या कोटाचे तत्त्व एकच आहे : थरांमध्ये हवा, आणि भरण सरकू नये म्हणून टाके. यावरून दोन नियम निघतात. एका अतिजाड कपड्यापेक्षा तीन बेताचे थर बरे, आणि ते इतके तंग नसावेत की मधली हवाच नाहीशी होईल.

त्या तीन थरांची योजना अशी. अंगालगत पातळ लोकरीचा सदरा असावा. आपल्याकडील सुती बनियन घामाने ओले होते आणि ओले झाले की गारठविते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही ओली वाटत नाही. त्यावर स्वेटर. सर्वांत बाहेर वारा अडविणारा कोट. खोलीत शिरल्यावर एकेक थर उतरविता येतो, म्हणून प्रत्येक थर दिसण्यासारखा नीट असला पाहिजे. शोभेचे निम्मे रहस्य येथेच आहे. कोट सुंदर आणि आतला स्वेटर विटका असला, की पाहुण्यांच्या घरी कोट काढण्याचा संकोच वाटतो.

गाठोडे न होण्याची युक्ती मंचावरून शिकावी. तेथे एकाच रंगाच्या निरनिराळ्या छटा डोक्यापासून पायापर्यंत वापरलेल्या वारंवार दिसतात : बदामी कोट, तपकिरी स्वेटर, चॉकलेटी बूट. रंग तुटत नाही म्हणून अंगलट उंच व सरळ दिसते, कपडे कितीही असोत. त्यात डाळिंबी किंवा मोरपंखी असा एकच ठसठशीत रंग, आणि तोही चेहऱ्याजवळ मफलरीत ठेवावा. फुगीर कोट घातला, तर खाली तंग विजार. घोळदार घागरा असेल, तर वर आखूड, बेताचा कोट. दोन्हीकडे फुगवटा नको.

लुगडे किंवा साडी नेसणाऱ्या भगिनींची अडचण निराळी आहे. तिचा विचार पॅरिसने केलेला नाही, तो आपणच केला पाहिजे. परकराच्या आत लोकरीची तंग विजार घालावी. वर पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा लोकरी पोलका घालावा. साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी, म्हणजे काठ बर्फात भिजत नाही. कोट गुडघ्याखाली जाणारा व सरळ घाटाचा घ्यावा आणि पदर त्याच्या आत ठेवावा. अशा वेशात काठाची चार बोटे खाली डोकावतात, ती मोठी शोभिवंत दिसतात. बुटांत जाड मोज्यांसह बोटे हलली पाहिजेत, कारण तंग बुटात रक्त फिरत नाही व पाय आधी गार पडतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र ठेवणारे हातमोजे अधिक उबदार. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते, ही समजूत मात्र खरी नव्हे. तरी कान झाकावेतच.

मुखशोभेविषयी थोडे. थंड हवेत बाष्प कमी असते, आणि तापविलेल्या खोल्यांत ती हवा अधिकच कोरडी होते. त्वचा ताणते, ओठ फुटतात. चरकसंहितेत हेमंतासाठी अभ्यंग, मस्तकास तेल आणि ऊन सांगितले आहे. अभ्यंगाचा नेम आजही सोडू नये. कढत पाण्याचा मोह टाळून कोमट पाण्याने स्नान करावे आणि अंग दमट असतानाच तेल अथवा मलम लावावे, म्हणजे ओलावा आत राहतो. भेगाळलेल्या टाचांना कोकणातील कोकमतेलासारखे औषध नाही. ते नसेल तेथे व्हॅसलीन चालते. ओठांवरून जीभ फिरवू नये. त्याने ते अधिक फुटतात. ताजे बर्फ सूर्याचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते, म्हणून थंडीतही बर्फाळ मुलखात उन्हापासून रक्षण करणारे मलम हवे. रंग लावायचाच तर एक तर डोळे, नाही तर ओठ असा मंचावरील संयम पाळावा; थंडीने गालांवर आलेली लाली पुरेशी असते.

येथवर घेण्याजोग्या गोष्टी सांगितल्या. फॅशनच्या चाकाखाली कोण येते, हेही एकदा पाहिले पाहिजे. त्यासाठी काश्मिरी शालीसारखे दुसरे उदाहरण नाही. नेपोलियनच्या मिसरच्या स्वारीनंतर (१७९८–१८०१) या शाली फ्रान्समध्ये फार गाजल्या. त्या काळी तेथील स्त्रिया पातळ मलमलीचे झगे घालीत. त्यांना थंडीत शालीचा आधार झाला. सम्राज्ञी जोसेफीन हिला तर त्यांचे वेडच होते. मागणी वाढली तशा नकला निघाल्या. स्कॉटलंडमधील पेझली गावी मागांवर इतक्या शाली निघू लागल्या, की शालीवरच्या आपल्या कोयरीला युरोपने त्या गावाचेच नाव दिले. पुढे १८७० च्या सुमारास झग्यांचा घाट बदलला. पाठीमागे फुगवटा आला आणि त्यावर शाल बसेना. त्यातच १८७०–७१ मध्ये फ्रान्स-जर्मनीचे युद्ध झाले. पॅरिसने शाल टाकली, आणि श्रीनगरचे माग थांबले. थोड्याच वर्षांत, १८७७–७९ च्या दुष्काळात, त्या विणकरांची दैना झाली. कित्येक मेले, कित्येक पंजाबात गेले. पॅरिसमधील झग्याचा एक फुगवटा श्रीनगरच्या चुली विझवून गेला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही.

आपल्या समाजात शाल हा मानाचा विषय आहे. शालश्रीफळावाचून सत्कार होत नाही. म्हणून शाल घेताना तरी डोळसपणा असावा. खरी पश्मिना लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या अंतरलोकरीची. तिचा तंतू १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास; म्हणूनच एवढ्याशा वजनात एवढी ऊब. बाजारात त्या नावाने पुष्कळदा व्हिस्कोज किंवा ॲक्रिलिक मिळते. शालीच्या कडेचा एखादा धागा जाळून पाहावा : लोकर जळक्या केसासारखी वास मारते व तिची राख चुरडते, व्हिस्कोजला जळक्या कागदाचा वास येतो, ॲक्रिलिकचा वितळून कठीण मणी होतो. या कसोटीने लोकर ओळखते, पश्मिना नव्हे. म्हणून हातमागाच्या काश्मिरी पश्मिन्यास २००८ पासून मिळालेली भौगोलिक मान्यतेची खूणही विचारावी. शाहतूश मात्र कोणी कितीही स्वस्त देऊ केली तरी घेऊ नये. ती चिरू नावाच्या तिबेटी हरणास मारूनच मिळते आणि तिचा व्यापार कायद्याने निषिद्ध आहे.

एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींस आवर्जून सांगावयाची आहे. परमुलखी जाणाऱ्या मुलीने ‘नीट दिसणारा कोट हवा’ म्हटले, तर तिला उल्लू ठरवू नये. जिचा वेश उबदार आणि नीटनेटका आहे, ती बर्फातही बाहेर पडते, वर्गास जाते, चार ओळखी करिते. जिला आपल्या अवताराची लाज वाटते, ती खोलीत बसून राहते, आणि परमुलखातील एकटेपणा थंडीहून वाईट. तेव्हा दहा स्वस्त कपड्यांची रक्कम एका चांगल्या कोटास द्यावी. तो शक्य तर तेथे पोहोचल्यावर, तेथील थंडी पाहून घेऊ द्यावा. येथून लोकरीचे आतले सदरे, दोन स्वेटर आणि घरातील एक खरी शाल द्यावी. पुढच्या फेब्रुवारीत पॅरिसचा मंच काहीही म्हणो, ती शाल तिच्या सुनेलाही उपयोगी पडेल.