न्यूरॉनला माहिती जोडताना आयडी सांभाळा

फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. फ्लायवायर प्रकल्पाच्या या नकाशात १,३९,२५५ न्यूरॉन आहेत आणि त्यांचे प्रकार ८,४०० च्या वर. डेटा खुला आहे, त्यामुळे उचगावात बसूनही तो उतरवता येतो. पण नुसता आकार उतरवला तर हाती येतं फांद्यांचं जाळं. हा न्यूरॉन वासाचा की नजरेचा, डावीकडचा की उजवीकडचा, हे वेगळ्या तक्त्यात असतं. तो तक्ता न्यूरॉनला जोडणं म्हणजेच मेटाडेटा जोडणं.

यासाठी पायथनमध्ये नॅव्हिस हे पॅकेज आहे, 'आर'मध्ये नॅट. नॅटच्या न्यूरॉनलिस्टला डेटाफ्रेमच जोडलेली असते. नॅव्हिसची 'ॲड मेटाडेटा' मेथड आयडी जुळवून प्रत्येक न्यूरॉनला माहिती देते. नुसती यादी देऊन क्रमानेही माहिती चिकटवता येते, पण ते टाळाच. मधे कुठे फिल्टर लावताना क्रम हलला, तर लेबल भलत्याच न्यूरॉनला लागतं आणि एररसुद्धा येत नाही!

खरा घोळ मात्र आयडीतच होतो. फ्लायवायरचा आयडी १८ अंकी. एक्सेल १५ अंकच धरून ठेवतं, शेवटच्या तीन अंकांचे शून्य करून टाकतं. पांडाजमध्ये आयडीच्या रकान्यात एक जागा जरी रिकामी असली तरी अख्खा रकाना फ्लोट होतो, आणि एवढे मोठे आकडे मग १२८ च्या जवळच्या पटीत जातात. म्हणून फाइल वाचताना आयडी टेक्स्ट म्हणून घ्या, रिकाम्या ओळी काढा, मग पूर्णांक करा. न्यूरॉनकडे पूर्णांक आणि तक्त्यात टेक्स्ट असेल तर काहीच जुळणार नाही.

शिवाय आयडी कायमचा नसतो. जमिनीची वाटणी झाली की गट नंबरला पोटहिस्से पडतात ना, तसंच हे. दुरुस्ती करताना न्यूरॉन तोडला किंवा जोडला की नवा आयडी मिळतो. सार्वजनिक आवृत्ती ६३० चा तक्ता ७८३ च्या न्यूरॉनना लावला तर काही जुळतील, काही नाहीत. आवृत्तीचा आकडा फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

माहिती सापडली नाही तर थांबायचं की दुर्लक्ष करायचं, हे नॅव्हिसला सांगता येतं. माझं मत थांबण्याच्या बाजूने. थांबलं की किती न्यूरॉन सुटले ते मोजा आणि त्यातले चार-पाच आयडी हाताने तपासून बघा.