चांद्याचा परकोट आणि आपल्या तलावाची पाळ



ब्रह्मपुरीहून रेल्वेने चांद्याला निघालो की ‘चांदा फोर्ट’ स्टेशनवर उतरतो. पेशी, दवाखाना, बाजार आटोपून संध्याकाळी परत. पण त्या नावातला ‘फोर्ट’ पाहायला किती जण थांबतो?

२० मे हा त्या किल्ल्याच्या आठवणीचा दिवस. १८१८ साली दुसरे बाजीराव पेशवे नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना मिळण्यासाठी चांद्याकडे निघाले होते. एप्रिलमध्ये कर्नल ॲडम्सने त्यांच्या फौजेला वाटेतच गाठून पांगविले व ९ मे रोजी चांद्याला वेढा घातला. तोफांनी तटाला खिंडार पडले आणि २० मे रोजी इंग्रज आत शिरले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडले. हार झाली खरी, पण लढणाऱ्यांची आठवण ठेवायला जिंकावंच लागतं असं थोडंच आहे?

हा परकोट गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहाने पाया घातला, धुंड्या रामशहाच्या काळात काम पुरे झाले, असे सांगतात. सुमारे ११ किलोमीटरचा तट, जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. १७५१ मध्ये तो भोसल्यांकडे गेला.

तोफेतून वाचलेल्या तटाला पुढे झाडांनी घेरले. पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचे बी फटीत पडते, मूळ जाड होते आणि दगड सरकतो. नुसता शेंडा छाटला तर पुन्हा फुटतो. मोठे झाड ओढून काढले तर दगडही येतो. रोप बोटाएवढे असतानाच ते निघाले पाहिजे. २०१७ साली चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’च्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने तट साफ करायला घेतला, तेव्हा कुठे लोकांना तो नीट दिसू लागला. मात्र वास्तू संरक्षित आहे, मनाने कुऱ्हाड चालवू नका.

आता घरचं बोलू. ज्या गोंड राजांनी तट उभारला, त्यांच्याच राज्यात तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन देण्याची रीत होती, असे सांगतात. आपले धान त्याच तलाव-बोड्यांच्या भरवशावर वाढले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि “आपलं काय जाते गा?” असं आपण म्हणू लागलो. पाळीवर झुडपं माजली, उंदरांनी बिळं केली. पहिल्या मोठ्या पाण्यात पाळ फुटली तर सरकारची नाही, तुमची-माझी बांधी वाहून जाते.

म्हणून या २० मे रोजी सकाळी गावाने कुदळ-फावडे घेऊन पाळीवर जावे. झुडपे मुळासकट काढा, खड्ड्यांत माती भरून धुम्मस करा, सांडवा मोकळा करा. पऱ्हे टाकायच्या आधी हे होऊन जाईल. अन् पुढच्या खेपेला चांद्याला गेलात, तर पोराचा हात धरून जटपुरा दरवाजा अवश्य दाखवा.