केशरी तबकडी, जांभळी काच

जांभळा जिलेटिनचा कागद डोळ्यांसमोर धरून झेंडूच्या ताटव्याकडे पाहा. पानं काळवंडतात, फुलं मात्र उठून दिसतात. ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत उडत्या तबकडीवर नेम धरणाऱ्या नेमबाजांच्या चष्म्याची सगळी करामत हीच. जांभळी काच लाल आणि निळा प्रकाश जाऊ देते, हिरवा अडवते. त्यामुळे मागे झाडी असेल तर ती मंदावते आणि केशरी तबकडी नजरेत भरते.

ही तबकडी जेमतेम 110 मिलिमीटर व्यासाची, आणि यंत्रातून सुटते ती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा अशा दोन तबकड्या एकदमच हवेत असायच्या!

पिवळ्या काचेबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसलाय, की तिनं उजेड वाढतो. कुठलीही काच उजेड कमीच करते. पिवळी काच निळा प्रकाश गाळते, त्यामुळे ढगाळ हवेत कडा ठसठशीत दिसतात, इतकंच. भर उन्हात तीच डोळ्यांना खुपते. तिथे राखाडी किंवा तपकिरी बरी.

गडद काच रुबाबदार दिसते खरी, पण तिच्याआड बाहुली विस्फारते आणि नजरेची धार बोथट होते. डोळे बारीक करावे लागणार नाहीत इतपत फिकी काच घ्यावी. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणाऱ्यानं तर दुसऱ्याचा सल्ला न ऐकता मैदानावरच काचा लावून पाहाव्यात.

आणि रंग कुठलाही असो, काच पॉलिकार्बोनेटचीच हवी. फुटलेल्या तबकडीचे तुकडे कुठेही उडतात.