सनमायक्याची कड

सनमायक्याला पाण्याने काही होत नाही, हा समज निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्यापायी दिवाळीच्या साफसफाईत कितीतरी घरांतली धडधाकट कपाटं बिघडतात. बादलीभर पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, न पिळलेलं फडकं आणि कप्प्याच्या कोपऱ्यात साचलेलं पाणी ‘वाळेल आपोआप’ म्हणून तसंच सोडून देणं. वरून फळी चकचकीत दिसते. आतलं लाकूड मात्र कडेकडेने पाणी ओढत असतं.

सनमायका हा मुळात कागद आहे. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवतात. त्यावर रंगाचा किंवा लाकडाच्या रेषांचा छापील कागद मेलामाइनच्या राळेत भिजवून ठेवतात आणि हे सगळं प्रचंड दाबाखाली, पाण्याच्या उत्कलनबिंदूहून बऱ्याच वरच्या तापमानाला एकजीव करतात. बाहेर येतो तो 8 बाय 4 फुटांचा, साधारण 1 मिलिमीटर जाडीचा टणक तक्ता. अमेरिकेत 1913 मध्ये सुरू झालेल्या फॉर्मायका कंपनीने असे तक्ते आधी विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी बनवले. स्वयंपाकघरात ते बऱ्याच नंतर आले. ही राळ एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही आणि तेल तिच्यात मुरत नाही. त्यामुळे सागवानी फडताळाला करायचो तसं पॉलिश किंवा तेलपाणी सनमायक्याला लागत नाही. खोबरेल लावून फळी चमकवणारे लोक आहेत. ते तेल वरच बसतं आणि धूळ धरून ठेवतं, बाकी काही नाही.

खरी नाजूक जागा आहे ती कडेला. तक्त्याखाली प्लायवूड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असतो. तक्ता प्लायला चिकटवायला सुतार बहुधा पांढरा फेविकॉल वापरतात. वाळल्यावरही सतत ओल राहिली की तो ढिला पडतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा. त्याच्या उघड्या कडेला पाणी लागलं की तो चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो आणि वाळला तरी पुन्हा पूर्वीसारखा बसत नाही. समोरच्या कडेला पट्टी असते, पण मागची, खालची आणि बिजागरीच्या भोकांतली कड बहुतेक ठिकाणी उघडीच असते. ती कुणी पाहत नाही, आणि पाणी नेमकं तिथेच शिरतं.

तुमच्या घरी नेमकं काय आहे, हे कडेवरूनच कळतं. पट्टी नसलेल्या ठिकाणी निरखून पाहा. वरच्या रंगाखाली तपकिरी-काळपट बारीक रेघ दिसली तर तो खरा सनमायका. रेघ नसेल आणि रंगाखाली थेट भुसा दिसत असेल तर तो प्रीलॅम बोर्ड. त्यावर एकच छापील कागद थेट दाबलेला असतो. तयार मिळणारी स्वस्त कपाटं बहुतेक अशीच असतात. तिथे घासणी जोरात फिरवली तर रंगच जायचा.

आता पुसण्याविषयी. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावी. हे सांगायचं कारण रांगोळी. आपल्याकडची रांगोळी दगडाची भुकटी असते, त्यात गारगोटी असेल तर ती काचेलाही ओरखडते. ती सांडलेल्या फळीवर कोरडं फडकं फिरवलं की चकचकीत सनमायक्यावर बारीक चरे उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत. रंगकामानंतर उडालेल्या लांबीच्या भुकटीचंही तेच. धूळ गेली की कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, त्यात जुन्या सुती साडीचा तुकडा बुडवून घट्ट पिळायचा. फळीवरून फिरवल्यावर थेंब ओघळला तर तो पुरेसा पिळलेला नाही. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं. हे शेवटचं कोरडं फडकं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच वगळलं जातं.

ओट्यावरच्या कपाटांना मात्र एवढ्याने भागत नाही. फोडणीचं तेल वाफेबरोबर वर जातं, फळीवर बसतं आणि हवेने हळूहळू चिकट, पिवळट थर होऊन राहतं. हा थर नखाने किंवा सुरीने खरवडू नये. लिक्विडच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं त्यावर नुसतं दाबून ठेवावं, थर मऊ होतो. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट मॅट फळीवर हलक्या हाताने चालते, चकचकीत फळीवर नको. हळदीच्या डागावर तर सोडा लावूच नये. क्षार लागला की हळद लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. हळदीचा रंग उन्हाला कच्चा असतो. ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसून सुटी फळी दोन-तीन दिवस उजेडात ठेवली की डाग बऱ्यापैकी फिकट होतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी घालून पुसावं आणि लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडं करावं. पेनाच्या शाईला सॅनिटायझर पुरतं.

तारेची घासणी, भांड्यांची पावडर, संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच यांना कपाटाजवळ येऊ देऊ नये. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर सनमायका एकवेळ सोसेल, पण कडेची पट्टी पीव्हीसीची असते, ती नरम पडते. रॉकेलने पुसायची जुनी सवय तर सोडाच. झुरळं जातात असं म्हणतात, पण मागे वास आणि तेलकट थर राहतो, शिवाय बाजूला शेगडी असते.

कप्प्यात अंथरायला माझं मत जुन्या वर्तमानपत्राच्या बाजूने आहे. बाजारातल्या रबरी, चिकट चटया दिसायला छान, पण त्यांच्याखाली ओल कोंडते आणि काहींचा रंग फळीवर उतरतो. कागद तेल आणि दमट हवा शोषतो, महिन्याला बदलता येतो आणि फुकट असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो पंधरा दिवसांनीच बदलावा. तिथे कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवू नये, दोन बोटं अंतर ठेवावं. सनमायक्यावर दिसणारी बुरशी बहुतेक वेळा मागच्या भिंतीची ओल घेऊन आलेली असते. पुसून ती जात नाही, गळती काढावी लागते.

कडेची पट्टी सुटली असेल तर दिवाळीची वाट पाहू नये. जुना गोंद खरवडून काढावा, जागा पूर्ण वाळवावी, रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकला की दाबून बसवावी. सुतार या गोंदाला ‘एसआर’ म्हणून ओळखतात. फुगलेला बोर्ड मात्र दुरुस्त होत नाही, तेवढी फळी बदलणं हाच उपाय. नवं कपाट करून घेत असाल तर सिंकखाली मरीन प्लाय सांगा, फळीच्या दोन्ही अंगांना तक्ता किंवा अस्तर लावायला सांगा, नाहीतर ती वाकते. आणि मागच्या उघड्या कडांना निदान रंगाचा एक हात मारून घ्या. सुतार ‘दिसत नाही ते कशाला’ म्हणेल, तरी आग्रह धरा.

यंदा फडकं हातात घेण्याआधी सिंकखालच्या कप्प्याची मागची कड बोटाने चाचपून पाहा. ती खडबडीत किंवा फुगलेली लागली, तर पुसापुशी नंतर करा, आधी प्लंबरला बोलवा.